जुने स्ट्रॅटेजी गेम, नवे रीमास्टर आणि वसाहतींचा इतिहास : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या इथल्या खेळणाऱ्या मंडळीत तेच तेच प्रश्न फिरून येतात, कोणी धरमपेठेतून विचारतं, कोणी नंदनवनातून, कोणाच्या आईला काळजी असते तर कोणाला नुसता राग आलेला असतो, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. बहुतेक बोलणं एज ऑफ एम्पायर्स ह्या जुन्या स्ट्रॅटेजी मालिकेतल्या तिसऱ्या गेमबद्दल, म्हणजे एज थ्रीबद्दल आहे कारण सगळ्यात जास्त बदल त्यातच झाले, पण मध्ये मध्ये बाकीचे गेमही येतील.

रीमास्टर म्हणजे नुसते ग्राफिक्स चकाचक करणं ना?

तेवढंच असतं तर हे लिहायची गरजच पडली नसती. एज वनची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे रीमास्टर, २०१८ ला आली, टूची नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणि थ्रीची १५ ऑक्टोबर २०२० ला. चित्रं सुधारली, आवाज सुधारला, ऑनलाइन खेळणं सोपं झालं, हे तिन्हींमध्ये आहे. पण थ्रीमध्ये नावं, इमारती, मोहिमेतले संवाद आणि काही ठिकाणी चक्क खेळायचे नियम बदलले, आणि माझ्या मते बघायचं ते हेच, की कुठं नुसती पाटी बदलली आणि कुठं आतला नियम बदलला.

मग वाद थ्रीवरच काहून? टूमध्ये पण तर मारामाऱ्याच आहेत.

टू मध्ययुगातला आहे, त्यात चंगेज खान येतो, सलादिन येतो, आणि तो काळ बहुतेकांना लांबचा वाटतो. थ्री म्हणजे युरोपच्या सत्तांनी समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या जमिनीवर वस्ती करण्याचा काळ, तोच त्याचा खेळ आहे. २००५ चा मूळ गेम एन्सेम्बल स्टुडिओजनं केला तेव्हा त्यात आठ युरोपियन सत्ता खेळता यायच्या आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी फक्त नकाशावरच्या छोट्या वस्त्या होते, तिथं जाऊन ट्रेडिंग पोस्ट बांधायची आणि त्यांचे सैनिक विकत घ्यायचे, बस. २००६ च्या वॉरचीफ्स ह्या जादा पॅकमध्ये ते पहिल्यांदा खेळता आले. म्हणजे ज्यांची जमीन आहे ते पाहुणे आणि जे बाहेरून आले ते घरमालक, हा सांगाडाच मुळात होता, तो रीमास्टरला वारशात मिळाला.

नेमकं काय काय बदललं, यादी द्या ना.

मोठे बदल सांगतो, बारीक पुष्कळ आहेत. मूळ अमेरिकन सत्तांपैकी इरोक्वॉयचं नाव हौडेनोसौनी झालं, सूचं लाकोटा झालं. खेळातल्या कलोनियल एज ह्या टप्प्याचं कॉमर्स एज झालं. प्लांटेशन ह्या मळ्याच्या इमारतीचं इस्टेट झालं. मूळ अमेरिकन सत्तांची फायर पिट गेली, तिच्या जागी कम्युनिटी प्लाझा आला. हौडेनोसौनी आणि लाकोटांनी खाणीत सोनं खणायचं बंद झालं, त्यांच्यासाठी ट्रायबल मार्केटप्लेस आलं. वॉरचीफ्सच्या मोहिमेतले संवाद नव्यानं लिहिले. हे सगळं करताना मूळ रहिवासी समाजातल्या सल्लागारांना सोबत घेतलं होतं.

शिवाय इतिहासाशी थेट संबंध नसलेले बदल आहेत, उदाहरणार्थ पूर्वी होम सिटीची, म्हणजे मदत पाठवणाऱ्या मायदेशातल्या शहराची, लेव्हल वाढवत वाढवत मदतीची कार्ड उघडावी लागायची, आता सगळी पहिल्यापासून मिळतात. ह्याच्यावर कोणी भांडत नाही, सगळे खूश आहेत.

नाव बदललं तर काय फरक पडतो दादा, खेळ तर तोच आहे.

इरोक्वॉय हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं, ते लोक स्वतःला हौडेनोसौनी म्हणतात, मोहॉक, वनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा असा सहा राष्ट्रांचा तो संघ आहे आणि तो आजही आहे. हे महत्त्वाचं आहे, की ते संपलेले लोक नाहीत, त्यांची पोरं पण हा गेम विकत घेतात. आपल्याकडे बघा, ज्यांना सगळे गोंड म्हणतात त्यातले कितीतरी लोक स्वतःला कोइतूर म्हणतात, आणि नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं. उद्या गेममध्ये त्यांचं नाव आलं आणि त्यांनी सांगितलं आम्हाला कोइतूर म्हणा, तर आपण नाही म्हणणार का? त्यामुळं हा बदल मला शंभर टक्के पटतो, ह्यात कोणाचं काहीच जात नाही.

खाणीचं एवढं काय? सोनं खणलं तर काय बिघडलं?

हा बदल मला पूर्ण रीमास्टरमधला सगळ्यात चांगला वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या गेममध्ये लाकोटांचा व्हिलेजर, म्हणजे कामकरी, कुदळ घेऊन खाणीवर जायचा आणि इंग्रजांच्या सेटलरसारखंच सोनं काढायचा, कारण गेमला नाणी लागतात आणि सगळ्यांना एकाच पद्धतीनं लागतात. आता खरा इतिहास काय? १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात अमेरिकेच्या सरकारनं ब्लॅक हिल्सचा डोंगराळ भाग लाकोटांचा म्हणून मान्य केला. १८७४ ला कस्टर ह्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याची फौज तिथं फिरून आली, सोनं सापडल्याची बातमी पसरली, खाणवाले तुटून पडले, १८७६ ला युद्ध झालं, लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर मेला, आणि नंतर डोंगर लाकोटांच्या हातून गेलेच. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही जमीन घेतल्याची भरपाई द्यावी लागेल, आणि लाकोटांनी ती रक्कम आजपर्यंत घेतली नाही, त्यांना जमीन पाहिजे.

म्हणजे ज्या सोन्यापायी त्यांचे डोंगर गेले तेच सोनं गेममध्ये त्यांच्याच हातानं खणवून घेत होते, आणि त्याच पॅकमधली त्यांची मोहीम लिटल बिगहॉर्नपर्यंत जाते! कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, नियम सगळ्यांना सारखा ठेवला की असं आपोआप होतं. आता ट्रायबल मार्केटप्लेसमधून नाणी येतात, म्हणजे व्यापारातून. बॅलन्स सांभाळला, लोकांची चाल बदलली, आणि न बोलता खेळणाऱ्याला कळलं की हे लोक वेगळ्या पद्धतीनं जगत होते.

आणि फायर पिट? ती तर मस्त दिसायची.

दिसायची. व्हिलेजर्सना शेकोटीभोवती नाचायला लावायचं, जितके जास्त नाचणारे तितका फायदा जास्त, एक नाच लढाईसाठी, एक लोकसंख्या वाढवायला, असं चालायचं. आता कल्पना करा की एखाद्या गेममध्ये गोंडांना घेतलंय आणि त्यांची मुख्य इमारत म्हणजे शेकोटी, आणि सैन्य वाढवायचं तर सगळ्यांना नाचवा. गडचिरोलीतलं पोरगं तो गेम उघडेल तेव्हा त्याला काय वाटेल? ज्यांनी चांदा आणि देवगडला किल्ले बांधले, राज्यं चालवली, त्यांची ओळख एका नाचावर आणून ठेवली असं वाटेल. कम्युनिटी प्लाझामध्ये माणसं ठेवून फायदा मिळवायचं गणित जवळपास तसंच ठेवलंय, पण चित्र बदललं. अर्धा बदल म्हणा, तरी बरा आहे.

प्लांटेशनचं इस्टेट केलं हे पण चांगलंच ना मग?

नाही, इथं माझं मत उलट आहे आणि खूप जणांना ते पटत नाही.

खेळताना दिसतं काय ते आधी सांगतो. इमारत बांधली, दहा माणसं आत पाठवली, पिकाच्या ओळींमध्ये ती वाकून काम करतात आणि वरच्या कोपऱ्यात नाण्यांचा आकडा हळूहळू चढतो. खाण संपते, हे कधीच संपत नाही. उशिराच्या खेळात सगळी कमाई ह्याच्यावर. ती माणसं सेटलर असतात, त्यांच्या इच्छेनं आलेली, तिथं गुलाम कोणीच नाही. २००५ मध्येही नव्हता, २०२० मध्येही नाही. फक्त तेव्हा निदान पाटीवर प्लांटेशन लिहिलेलं होतं, तो शब्द बघून एखाद्यानं शोधलं असतं की अमेरिकेतल्या ऊस, तंबाखू, कापसाच्या मळ्यांत कोण राबत होतं. इस्टेट म्हटलं की तेवढाही धागा तुटला. नियम जसाच्या तसा आणि शब्द मऊ, हे झाकणं झालं.

आपल्याला तर हे जास्त कळायला पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या श्रमावर कापूस पिकायचा, तो मँचेस्टरच्या गिरण्यांना जायचा. १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा माल अडला, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या कापसावर पडली, वऱ्हाड त्यांनी १८५३ लाच निजामाकडून ताब्यात घेतलं होतं. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १ जानेवारी १८७७ ला इथं टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, नाव ज्या व्हिक्टोरिया राणीवरून तिला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. म्हणजे गेममधल्या त्या इमारतीचा आणि आपल्या विदर्भाच्या पांढऱ्या सोन्याचा सरळ संबंध आहे.

अजून एक, जे मला सगळ्यात खटकतं. एज थ्रीमध्ये रिव्होल्यूशन करता येतं, युरोपियन राजाशी नातं तोडून स्वतंत्र व्हायचं, आणि फ्रेंचांना हैतीचा पर्याय मिळतो. हैतीची क्रांती, १७९१ ते १८०४, ही गुलामांनी केलेली क्रांती आहे. ज्या गेममध्ये गुलामच नाहीत तिथं हैती स्वतंत्र कोणापासून होतो?

बाकीचे गेम तरी दाखवतात का गुलामगिरी?

फार कमी. १९९४ च्या कलोनायझेशन ह्या गेममध्ये करारावर आलेले नोकर आहेत, शिक्षा झालेले गुन्हेगार आहेत, तंबाखू, ऊस आणि कापूस आहे, पण आफ्रिकेतून आणलेले गुलाम नाहीत. २००८ ला सिव्हिलायझेशन फोरच्या इंजिनवर तो पुन्हा बनवला तेव्हाही नाहीत, चौदा वर्षांत ती जागा रिकामीच राहिली. एम्पायर टोटल वॉर ह्या गेममध्ये जहाजं आयव्हरी कोस्टला पाठवता येतात, तिथून हस्तिदंत येतो, माणसं येत नाहीत. ॲनो ह्या शहरं वसवायच्या मालिकेच्या जुन्या भागांचा संच २०२० मध्ये सुधारून आला, त्यातही मळे आहेत आणि कष्टाचा हिशोब नाही.

मला कारण कळतं. गुलाम विकत घ्यायचं बटन दिलं तर ते खेळणाऱ्याच्या फायद्याचं बटन होतं, आणि तशी गोष्ट फायद्यासाठी दाबायला लावणं भयंकर आहे. पण मधला मार्ग असतो की, मळ्यातून येणाऱ्या नाण्यांसोबत बंडाचा धोका वाढवा, मोहिमेत एक पात्र ठेवा, इमारतीच्या इतिहासाच्या मजकुरात दोन परिच्छेद स्पष्ट लिहा. हे करायला फार पैसा लागत नाही.

भारतीय कसे दाखवलेत थ्रीमध्ये?

ते २००७ च्या एशियन डायनेस्टीज ह्या जादा पॅकमध्ये आले, जो बिग ह्यूज गेम्सनं बनवला आणि त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी ब्रायन रेनॉल्ड्स हाच १९९४ च्या कलोनायझेशनच्या डिझाइनमागे होता. राजधानी दिल्ली, ताजमहाल, चारमिनार, आग्र्याचा किल्ला, करणी माता, विजयस्तंभ असे वंडर्स, म्हणजे खास मोठ्या इमारती, व्हिलेजर अन्नाऐवजी लाकडावर मिळतो, गाई कापता येत नाहीत, त्या सेक्रेड फील्डमध्ये ठेवल्या की एक्स्पीरियन्स मिळतो. शिपाई, गुरखा, राजपूत, सोवार, झंबुरक, हत्तीवरचे माहूत, खेळायला जाम मजा येते हे मी मनापासून सांगतो.

मोहीम १८५७ ची आहे. नानिब साहिर नावाचं काल्पनिक पात्र कंपनीच्या चाकरीत असतं आणि मग उलटतं. चांगली गोष्ट ही की तिथं कंपनीचा कर्नलच खलनायक आहे. अडचण ही की कित्येक शतकांचा इतिहास आणि कितीतरी भाषांचा देश एकाच रंगात भरलाय, चारमिनार आणि विजयस्तंभ एकाच राजाचे असल्यासारखे. अमेरिकेतल्या नावांवर जेवढी मेहनत घेतली तेवढी इथं घेतली नाही, हे मला लागलं.

पण टूमध्ये तर वेगळे वेगळे केले ना?

हो, आणि तेच उदाहरण म्हणून दाखवायला पाहिजे. टूच्या २०१३ च्या फरगॉटन पॅकमध्ये इंडियन्स एकच होते. एप्रिल २०२२ ला डायनेस्टीज ऑफ इंडिया आलं आणि त्यांचे हिंदुस्तानी झाले, सोबत बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर नव्यानं आले, बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल ह्यांच्या मोहिमा आल्या. गुर्जरांना मेंढ्या कापण्याऐवजी गिरणीत ठेवून सतत अन्न मिळवता येतं. हा आतला नियम आहे, नुसती पाटी नाही.

मराठे कुठायत भाऊ? थ्रीमध्ये येतील का?

थ्रीसाठी आता आशा ठेवू नका, जानेवारी २०२५ मध्ये ठरलेलं नवं डीएलसी, म्हणजे जादा विकत मिळणारा भाग, रद्द झाल्याचं जाहीर झालं.

मराठे खेळायचे असतील तर २००९ चा एम्पायर टोटल वॉर, जो २०२४ मध्ये मोबाइलवरही आला. त्यात १७०० सालापासून मराठा कॉन्फेडरसी, म्हणजे मराठा सरदारांचा संघ, खेळता येते. फक्त १७०० मध्ये कॉन्फेडरसी वगैरे काही नव्हतं, त्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धची लढाई हातात घेतली. शिंदे, होळकर, गायकवाड, आणि आपले नागपूरकर भोसले हे सगळं नंतरचं. रीमास्टर करायचा झाला तर ताराबाईंची सुरुवात द्या, खेळायलाही जास्त थरारक होईल.

आणि एक गोष्ट नागपूरकर म्हणून बोलायलाच पाहिजे. १७४० च्या दशकात नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या, १७४४ ला त्यांच्या सेनापतीला, भास्करराम कोल्हटकरांना, बंगालच्या नवाबानं, अलीवर्दी खानानं, भेटीला बोलावून मारलं, हे आपण अभिमानानं आणि दुःखानं सांगतो. पण तिकडच्या गावांची जी लूट झाली तिची आठवण बंगालच्या अंगाईगीतांत अजून आहे, बारगीर, म्हणजे मराठा घोडेस्वार, येतील म्हणून लेकरांना झोपवतात. ज्या प्रामाणिकपणाची अपेक्षा आपण इंग्रजांच्या चित्रणात करतो तीच मराठ्यांच्या चित्रणातही करावी लागेल, नाहीतर आपल्या तक्रारीला वजन राहत नाही.

हे सगळं म्हणजे इतिहास पुसून राहिले असं नाही का?

कुठं पुसतात आणि कुठं नाही हे वेगवेगळं बघा. हौडेनोसौनी लिहिल्यानं काही पुसलं गेलं नाही, उलट माहिती वाढली. कलोनियल एजचं कॉमर्स एज केलं तिथं मात्र पुसलं, कारण त्या टप्प्यात तुम्ही वसाहतच करत असता, व्यापार हा त्यातला एक भाग. आपल्याकडेही कंपनी व्यापारालाच आली होती म्हणतात, आणि व्यापाराच्या नावाखाली काय झालं ते नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला बघितला की कळतं, जिथं १८१७ ला कंपनीनं भोसल्यांना हरवलं.

आणि सल्लागार घ्यायलाच पाहिजेत, आधी घ्यायला पाहिजेत. सिव्हिलायझेशन सिक्स ह्या गेममध्ये २०१८ ला कॅनडातल्या क्री लोकांचा नेता पाउंडमेकर आला तेव्हा पाउंडमेकर क्री नेशनमधूनच नाराजी आली होती, की आमच्या माणसाला तुम्ही जमीन जिंकत सुटणारा करून ठेवलं.

संस्थान खालसा करणं कुठल्या गेममध्ये आहे का?

जसं नागपूर गेलं तसं मला कुठंच दिसलं नाही. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, औरस मुलगा नव्हता, डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि १८५४ ला राज्य खालसा. एक गोळी न झाडता. एज थ्रीमध्ये बहुतेक वेळा सैन्य आणि इमारती नष्ट करूनच कोणाला हरवता येतं, आणि वसाहतवाद म्हणजे तोफा एवढंच डोक्यात बसतं, तह, कर्ज, दरबारात बसवलेला कंपनीचा रेसिडेंट, दत्तक नामंजूर हे सगळं बाहेर राहतं.

माझा मुलगा सातवीत आहे, खेळू देऊ का?

काकू, खुशाल द्या, फक्त एखाद्या रविवारी सोबत बसा आणि विचारा की ही नाणी येतात कुठून. ह्या गेममुळं नकाशे वाचायला लागलेली, ग्रंथालयातून पुस्तकं आणायला लागलेली पोरं मी पाहिलीत. ऑनलाइन चॅट मात्र बंद ठेवा, तिथली भाषा चांगली नसते.

जुनी नावं परत आणता येतात का?

मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी केलेले बदल, टाकायची सोय आहे, मजकूर बदलता येतो. मी स्वतः प्लांटेशन परत आणीन, इरोक्वॉय आणणार नाही.

सीताबर्डीची लढाई आपणच बनवू शकतो का?

शकतो, एज थ्रीमध्ये सिनारिओ एडिटर, म्हणजे स्वतःचा नकाशा आणि लढाई बनवायचं साधन, आहे आणि कोणतंही युनिट कोणालाही देता येतं. दोन टेकड्या काढा, एक मोठी, एक लहान. २६ नोव्हेंबर १८१७ ची संध्याकाळ. कंपनीकडे गोरे सैनिक भरू नका, शिपाईच द्या, कारण लढणारे बहुतेक मद्रासचे शिपाई आणि बंगालचे घोडेस्वार होते. अप्पासाहेब भोसल्यांकडे संख्या कित्येक पट ठेवा आणि त्यात अरब तुकड्या वेगळ्या ठेवा, भाडोत्री युनिट वापरून, दुसऱ्या दिवशी सकाळी लहान टेकडी त्यांनीच घेतली होती. मग कंपनीच्या घोडेस्वारांच्या हल्ल्याचा ट्रिगर लावा, म्हणजे हल्ला आपोआप सुरू होईल, बाजी तिथं फिरली. आणि २७ तारखेला खेळ संपवू नका, पुढचा नकाशा महालाचा करा, अरब डिसेंबरच्या अखेरपर्यंत राजवाडा धरून होते. कोणी सुरुवात केली तर सांगा, नकाशासाठी टेकड्यांचे फोटो मी देतो, किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे आणि वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, त्यामुळं फोटो आधीच काढून ठेवलेत.